नर्सबाईंपुढं दिलेली उत्तरं

सविता गावात येऊन अकरा दिवस झाले, तरी ती मार्थाबाईंच्या दारात आली नव्हती. हे दिवस मार्थाबाईंनी मोजले होते. रोज सकाळी नऊच्या सुमारास तिची पांढरी स्कूटी उपकेंद्राच्या वळणावरून खाली उतरायची, मार्थाबाईंच्या ओट्यासमोरून जायची, आणि सविता मान वळवून "नमस्ते बाई" म्हणायची. थांबायची नाही. पहिले तीन दिवस मार्थाबाईंनी चहाचं आधण टाकून ठेवलं. चौथ्या दिवसापासून टाकलं नाही, पण ओट्यावर बसायचं काही सोडलं नाही.

मार्था याकोब भिंगारदिवे, वय एकाहत्तर, निवृत्त नर्स. जन्म नगरचा, शिक्षण मिशनच्या शाळेत आणि मिशनच्याच दवाखान्यात. पारनेर तालुक्यातल्या कुरणदरा गावच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली आणि याकोब गेल्यावरही त्या इथंच राहिल्या. मुलगा जोएल नगरच्या एमआयडीसीत आहे. दर नाताळात तो म्हणतो, "आई, आता तिकडंच चल." त्या जात नाहीत. नगरात त्यांना कोण विचारणार? इथं म्हाताऱ्या माणसांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे त्यांना नर्सबाई म्हणतात.

पण त्यांच्या गावातल्या मानाला आणखी एक कारण होतं. १९९२ साली डेन्मार्कहून इंगेबोर्ग नावाच्या एक बाई कुरणदऱ्यात राहायला आल्या. सामाजिक मानवशास्त्राच्या अभ्यासक. त्या काळी गावातले निम्मे पुरुष मुंबईला, कुणी माथाडीत, कुणी खानावळीत. मागं राहिलेल्या बाया घर, शेत, दुखणी, बाळंतपणं कशी निभावतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांना मराठी येत होतं, पण पुस्तकातलं. मार्थाबाईंना इंग्रजी येत होतं, आणि नर्स असल्यामुळं गावातलं एकही घर त्यांना बंद नव्हतं. चौदा महिने दोघी रोज सोबत हिंडल्या. इंगेबोर्ग विचारायच्या, मार्थाबाई तो प्रश्न बाईला कळेल असा करून सांगायच्या, बाई उत्तर द्यायची, मार्थाबाई ते इंग्रजीत सांगायच्या. पुढं त्याचं पुस्तक झालं आणि जगभर वाचलं गेलं. आभाराच्या पानावर एक ओळ आहे: परिचारिका श्रीमती एम. यांच्यावाचून हे गाव माझ्यासाठी बंदच राहिलं असतं. नावं बदलायची पद्धत असते, असं इंगेबोर्गने पत्रातून कळवलं होतं. मार्थाबाई आल्यागेल्याला ते पान दाखवून सांगायच्या, "हे एम. म्हणजे मी."

पुस्तक वाचून पुण्या-मुंबईचे विद्यार्थी येऊ लागले. जो येईल तो आधी मार्थाबाईंकडे. चहा व्हायचा, मग कुणाच्या घरी जायचं आणि कुणाच्या नाही, हे मार्थाबाई ठरवायच्या. ती पोरं पुढं प्राध्यापक झाली, परदेशी गेली. मार्थाबाईंनी स्वतः बहिःस्थ बी.ए.ला समाजशास्त्र घेऊन दोन वर्षं काढली होती. तिसऱ्या वर्षी पोलिओची मोहीम आली, जोएलची दहावी आली, आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण इंगेबोर्गचं पुस्तक हातात घेतलं की दर वेळी मनात यायचं, यातलं काय मला माहीत नव्हतं? हे मीही लिहिलं असतं.

आणि आता सविता. छबूबाईंची नात, बन्सीची मुलगी. पुण्यात सामाजिक मानवशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि तिचा विषय होता कुरणदराच. "ही माझ्या हातावर झालेली पोरगी," असं मार्थाबाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. ती शिकली तेव्हा त्यांनी पेढेही वाटले होते. पण तिला दुभाष्याची गरज नव्हती. भाषा तिचीच होती, घरंही तिचीच. कुणाच्या दारात जायला तिला नर्सबाई सोबत लागत नव्हती. मग आपल्याकडे आता राहिलं काय, या विचारानं मार्थाबाईंचा जीव आतल्या आत जळायला लागला.

बाराव्या दिवशी त्या स्वतःच निघाल्या. निमित्त काढलं छबूबाईंचा रक्तदाब बघायचं. बन्सीच्या रानात कांदा काढणी चालू होती. आठ-दहा बाया ओळीनं बसून पात कापत होत्या आणि त्यांच्यातच सविता, डोक्याला फडकं बांधून, हातात विळा. वही नाही, प्रश्नांचा कागद नाही. बाया काहीतरी बोलून मोठ्यानं हसत होत्या. मार्थाबाई बांधावर दिसल्या तशा गप्प झाल्या. एकीनं पदर सारखा केला.

"सविता, हे कसलं संशोधन गं?" मार्थाबाई म्हणाल्या. "आम्ही चौदा महिन्यांत दीडशे मुलाखती केल्या होत्या. तक्ते भरले होते."

सविता उठून जवळ आली. "मुलाखती करणारच आहे, बाई. पण आधी नुसतं सोबत राहायचं. हाताला काम असलं की माणसं वेगळं बोलतात."

"आणि पुढं? नोकरी लागेल ना ह्यावर?"

"अवघड आहे. जागाच निघत नाहीत. सध्या तासिका तत्त्वावर शिकवते."

हे ऐकून मार्थाबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. त्यांनी छबूबाईंचा दंड बांधून रक्तदाब पाहिला. तो व्यवस्थित होता. परतताना मागून बायांचं हसणं पुन्हा सुरू झालेलं त्यांना ऐकू आलं. एकतीस वर्षांत आपल्यासमोर ह्या बाया अशा हसल्या होत्या का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांना शोभणारं नव्हतं. दूध डेअरीवर सकाळी बाया किटल्या घेऊन येतात. तिथं त्या सहज बोलल्यासारख्या बोलल्या, "सविताचा मोबाईल चालूच असतो बरं का. तुम्ही सासूबद्दल, जावेबद्दल जे बोलता ते सगळं भरलं जातं. उद्या सगळं जग ऐकेल."

गावात नर्सबाईंचा शब्द अजून खाली पडत नव्हता. दोन दिवसांत बाया सविताला पाहून "काम हाय गं" म्हणायला लागल्या. बचत गटाच्या बैठकीत तिला बाहेर बसायला सांगितलं. स्कूटी जायची आणि तासाभरात परत यायची. ते पाहून मार्थाबाईंना आठवडाभर समाधान वाटलं. पुढं वाटेनासं झालं, तरी बोललेलं मागं घेण्याचा विचार काही त्यांनी केला नाही.

मग एका दुपारी स्कूटी त्यांच्या ओट्यापाशी थांबली.

"बाई, तुमची मुलाखत घ्यायची आहे," सविता म्हणाली. "बायांचं बोलणं सध्या बंद पडलंय. पण तुमची घ्यायचीच होती, सगळ्यांत शेवटी."

"शेवटी?" मार्थाबाईंच्या आवाजाला धार आली. "जो येतो तो माझ्याकडे पहिला येतो."

"म्हणूनच. मी आधी इथं आले असते, तर गावानं मला तुमचं माणूस धरलं असतं."

मार्थाबाईंनी तिला आत घेतलं. सवितानं संमतीचा कागद पुढं केला. मुलाखत कशासाठी, कधीही नको म्हणता येईल, नाव बदललं जाईल. मार्थाबाईंनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं.

"नाव बदलायचं नाही. एकदा एम. झाले तेवढं पुरे. पूर्ण नाव घाल."

"घालते. पण मग जे निघेल ते तुमच्या नावावरच जाईल, बाई."

"जाऊ दे. मला काय लपवायचंय?"

सही झाली. सवितानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर पिवळट कागद होते, वर तिरपं, बारीक इंग्रजी अक्षर. मार्थाबाईंनी ते अक्षर लगेच ओळखलं.

"इंगाबाईंच्या वह्या," सविता म्हणाली. "त्या गेल्यावर त्यांच्या विद्यापीठानं सगळ्या स्कॅन करून ठेवल्या. आमच्या विषयात आता जुने लिहिलेले अभ्यास पुन्हा तपासतात. कुणी विचारलं, कुणासमोर विचारलं, हे सगळं."

"गेल्यावर म्हणजे?"

सवितानं पडद्यावरून मान वर केली. "तुम्हाला कळवलं नाही कुणी? दोन वर्षं झाली."

गेल्या दोन नाताळांना कार्ड आलं नव्हतं. वयामुळं राहिलं असेल, असं मार्थाबाई समजून होत्या. इंगेबोर्ग गेल्याचं ह्या पोरीला ठाऊक आणि आपल्याला नाही, हेच त्यांना आधी लागलं. दुःख मागाहून आलं.

सवितानं एक पान मोठं करून दाखवलं. त्यात लिहिलं होतं: आज छबूबाईकडे. प्रत्येक उत्तराआधी ती एम.कडे बघते. एम. शेजारी आहे तोवर मला नर्सला दिलेली उत्तरंच मिळणार. पण एम.शिवाय मला घरात घेणार कोण?

मार्थाबाईंनी ते दोनदा वाचलं. "हे पुस्तकात नाही."

"नाही. फक्त वहीत आहे. पुस्तकात पाचव्या प्रकरणात लिहिलंय की नर्स आल्यावर दहा वर्षांत कुरणदऱ्यातली सुईण नाहीशी झाली. आज मोबाईलला विचारलं तरी तो हेच सांगतो. त्यानं पुस्तक वाचलंय, गाव पाहिलेलं नाही. मला लोक विचारतात, आता सगळं यंत्र सांगतं, मग गावात जाऊन बसायचं कशाला? मी त्यांना सुईणीचं हेच वाक्य दाखवते."

"त्यात चूक काय? रतनबाईनं सुईणीचं काम कधीच सोडलं होतं. माझ्या रजिस्टरला आहे."

सवितानं मोबाईल काढून मांडीवर ठेवला.

"काय ते सांग."

"आजीनं तुम्हाला ऐकवायची परवानगी दिलीय," असं म्हणून सवितानं मोबाईलवर एक बटण दाबलं. खोलीत छबूबाईंचा आवाज आला.

"नर्सबाई लई चांगली. पन खरं सांगितलं की रागं भरायची. मंग आमी काय करायचो, रतनाक्काला बोलवायचो, आन् पोर झालं की बाईला निरोप धाडायचो. तुझ्या टायमाला बी तसंच. रतनाक्का मागल्या दारानं गेली आन् बाई फुडल्या दारानं आल्या. नाळ तेवढी कापायची ठिवली हुती त्यांच्यासाठी. बाईला बरं वाटावं म्हून."

"बंद कर," मार्थाबाई म्हणाल्या.

सविता गेली तरी त्या तशाच बसून राहिल्या. ही माझ्या हातावर झालेली, हे वाक्य आपण किती लोकांना ऐकवलं? सविता हसून ऐकून घ्यायची, छबूबाईही ऐकून घ्यायच्या. १९९८ साली जिल्ह्याला उत्कृष्ट परिचारिका म्हणून सत्कार झाला होता, तो ह्याच रजिस्टरवर. ह्या सगळ्यात रतनबाईंशी त्या कशा वागत आल्या होत्या? कनवाळूपणानं. बिचारीचं काम गेलं म्हणून सणासुदीला तिला साडी देत होत्या. आणि रतनबाई ती साडी घेत होत्या, तोंडातून चकार शब्द न काढता. आता सविताबद्दलचा मत्सर बाजूलाच राहिला आणि त्या जागी रतनबाई येऊन बसल्या. त्यांच्या हातावर जे झालं ते गावानं पोटात ठेवलं. आपल्या हातावर झाल्याचं गावानं नुसतं तोंडावर म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्या वरच्या आळीला गेल्या. रतनबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. ओसरीत बसून सुपात मटकी निवडत होत्या.

"रतनबाई, किती?" मार्थाबाईंनी उभ्यानंच विचारलं.

"काय किती?"

"मी नोकरीला लागल्यावर तुम्ही किती बाळंतपणं केलीत?"

रतनबाईंनी सूप खाली ठेवलं. "आता इतक्या वरसांनी धरायला आलाय व्हय बाई?"

"सांगा तर."

रतनबाईंना आकडा येत नव्हता. त्यांनी आळीच्या टोकापासून घरं घ्यायला सुरुवात केली. ह्या घरची थोरली, त्या घरचे दोघं, विहिरीपल्याडच्या घरातली जुळी. मार्थाबाई मनातल्या मनात मोजत होत्या. एकसष्टावर त्या खाली बसल्या.

"एखादी दगावली असती तर? मला का नाही सांगितलं?"

"अवघड दिसली की तुमच्याकडंच धाडायचे की. बन्सीच्या बहिनीला बैलगाडीत कोन घिऊन आलं हुतं? मीच हुते. पदर फुडं वढला हुता, तुमी वळखलं न्हाई."

मार्थाबाईंना ती बैलगाडी आठवली. ती बाई वाचली होती. त्या दिवशीचं श्रेय त्यांनी आजवर एकटीनं घेतलं होतं.

"तुमचा मला लई राग यायचा," रतनबाई म्हणाल्या. सांगताना त्या चिडलेल्या नव्हत्या, सुपातली मटकी बोटानं सरकवत होत्या. "पांढरं पातळ, हातात घड्याळ. तुमाला घरात खुर्ची द्यायचे. आन् मी पोर ज्या घरात झेललं, त्याच घरात मला उंबऱ्याभाईर बसवायचे. आमच्या पोरी म्हनायच्या, आये, तू बी नर्स हो. मला वाटायचं, ही बाई बदलून जावी कुठंतरी. जामखेडला, न्हाईतर लांब."

मार्थाबाईंच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. स्वच्छता, टाके, धनुर्वात, सरकारचे नियम. एकतीस वर्षं त्या हेच बोलत आल्या होत्या. ह्या वेळी मात्र त्यांनी विचारलं, "मग? आणखी काय वाटायचं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या. रतनबाई दिवे लागेपर्यंत बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर, किटल्यांची रांग लागलेली असताना, मार्थाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सविताच्या मोबाईलबद्दल मी बोलले ते खोटं होतं. विचारल्याशिवाय ती काही भरत नाही. मला राग आला होता तिचा." बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. नर्सबाई चुकल्या असं नर्सबाईंच्याच तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. तिथून त्या तशाच बन्सीच्या घरी गेल्या आणि सवितालाही सांगितलं.

"माहीत होतं मला," सविता म्हणाली. "आजीच्या कानावर त्याच दिवशी आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

सविता जरा गोरीमोरी झाली. "तेही लिहून ठेवलंय, बाई. कोण कुणाला गावात येऊ देतं, हाच माझा विषय आहे."

मार्थाबाईंना त्याचा रागही आला आणि पोरगी पक्की आहे असंही वाटलं. मी हिच्या जागी असते तर हेच केलं असतं, हे मनात आल्यावर पुन्हा तीच जुनी कळ उठली. ती काही जाणार नव्हती.

दिवाळीच्या सुमारास सवितानं लिहिलेल्या प्रकरणांचा मराठी मसुदा आणून दिला. "आता आमच्यातले बरेचजण असं करतात. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी वाचायला द्यायचं. हरकत असेल तिथं लिहा. पटली तर बदलेन, नाही पटली तर तुमची हरकत तुमच्या नावानं तशीच छापेन."

मार्थाबाईंनी आधी पानं मोजली. त्यांच्यावर एकोणीस, रतनबाईंवर चौतीस. वर रतनबाईंचा पानभर फोटो, सुपासकट. त्यांनी लाल पेन घेतलं. चार दिवसांत नऊ हरकती काढल्या. धनुर्वाताची लस कधी सुरू झाली त्याचं साल चुकलं होतं. उपकेंद्राला तेव्हा वीज नव्हती, हे लिहायचं राहिलं होतं. आणि आठव्या हरकतीत त्यांनी लिहिलं: मी रागावत असे हे खरं आहे, पण माझ्या आधीच्या दहा वर्षांत ह्या गावात किती बाया बाळंतपणात गेल्या तेही लिहा, म्हणजे राग कशाचा होता ते कळेल. ही हरकत वाचून सविता पुण्याची रात्रीची गाडी सोडून थांबली, आणि दोघींनी ती माहिती जुन्या बायांकडून गोळा केली.

रतनबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांचं प्रकरण वाचून दाखवायचं काम मार्थाबाईंनी आपणहून घेतलं. रोज दुपारी दोन-तीन पानं. पहिल्याच पानावर एका बाळंतिणीच्या सासूपाशी रतनबाईंनी हात वर केला.

"थांबा बाई. असं न्हाई हुतं ते. लिवा, लई लबाड हुती ती सासू, सवितानं साधी केलीय."

मार्थाबाईंनी वही उघडली. 'लई'चं 'खूप' करायला हात शिवशिवत होता. तसं न करता त्यांनी रतनबाई बोलल्या तसंच लिहिलं, आणि खाली तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तीन हरकती झाल्या, तिसऱ्या दिवशी पाच. दहावी लिहिताना मार्थाबाईंच्या लक्षात आलं की आपल्या नऊ हरकतींनाही म्हातारीनं मागं टाकलं.

"आणखी आहेत?" त्यांनी विचारलं.

"व्हय. तुमी लिवा, मी सांगते."

जानेवारीत प्रबंध पुण्याला गेला. शेवटी हरकतींची दोन जोडपत्रं होती. एकावर मार्था याकोब भिंगारदिवे असं पूर्ण नाव, दुसऱ्यावर रतनबाईंचं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'लिहून घेतले: मा. या. भिंगारदिवे.' रतनबाईंच्या हरकती बावीस झाल्या होत्या. जोडपत्रात तो आकडा पाहिला त्या दिवशी मार्थाबाईंनी सविताला फोन लावला आणि आपल्या आणखी चार राहून गेल्यात, त्या अजून घालता येतील का, असं विचारलं.